आपांची बरोबर चाल

भिवंडीत लाईट गेली की सगळं गाव एका सुरात शिव्या घालतं. लूमवाले घालतात, दुकानदार घालतात, मिक्सरमध्ये वाटण अडकलेल्या बायांचं तर विचारूच नका. आमच्या आपा तेवढ्या टाळ्या वाजवायच्या. "गेली गो गेली! चला, उठा पटापट, चालायला!" असं ओरडत त्या शेडच्या एका टोकाला जाऊन उभ्या राहायच्या आणि बाकावरचे पेशंट, कुणी काठी सावरत, कुणी पायजम्याची नाडी सावरत, रांगेला लागायचे.

आपा फिजिओथेरपिस्ट. त्यांचं क्लिनिक निजामपुऱ्यात, वडिलांच्या जुन्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये. वडिलांनी लूम भंगारात काढले आणि शेड मुलीला दिली. लांबलचक, अरुंद, वर काचेची कौलं, जमिनीत लूमच्या बोल्टांची बुजवलेली भोकं. माणूस चालताना बघायला याच्याहून चांगली जागा नाही, असं आपांचं म्हणणं. अडचण एकच होती. दोन्ही बाजूंच्या शेड अजून चालू होत्या, दिवसभर खटाखट खटाखट. त्या आवाजात माणूस स्वतःचं चालतच नाही, लूमच्या ठेक्यावर पाय टाकतो, असं आपांचं ठाम मत. "ही काय त्याची चाल नाय," त्या म्हणायच्या, "ही शेजारच्या लूमची चाल. लाईट जाऊ दे, मग बघू." आणि खरंच, पक्की तपासणी करायची असली की त्या पेशंटला लाईट जाईपर्यंत बसवून ठेवायच्या. लाईट गेलीच नाही तर तो बिचारा चहा पिऊन घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

मी तेव्हा कामतघरला राहायचे, नुकतीच फिजिओथेरपी शिकून आपांकडे कामाला लागलेली. पहिल्याच दिवशी घरी येऊन आईला म्हटलं, बाई वेडी आहे गं. ते मला अजूनही वाटतं. आता प्रेमाने वाटतं, इतकाच फरक.

आपा कोकणी मुसलमान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं. सलवार-कमीज, त्यावर पांढरा कोट, कोटाच्या खिशात सुपारी. पेशंटशी त्या ज्याच्या-त्याच्या भाषेत बोलायच्या. उत्तरेकडच्या कारागिराशी हिंदी, गावाकडच्या बाईशी "काय गो, कुठं दुखतंय", आणि स्वतःच्या भावाशी फोनवर जे बोलायच्या ते आम्हाला निम्मंच कळायचं. दुपारी काम हलकं झालं की दारात येऊन उभ्या राहायच्या. उभं राहायची त्यांची एक तऱ्हाच होती. सगळा भार डाव्या पायावर, कंबर बाहेर काढून चौकटीला टेकलेली, उजवा पाय पुढे टाकलेला, हातात चहाचा ग्लास. आणि डोळे रस्त्यावरच्या पायांवर.

"तो बघ, चप्पल नवीन आहे, चावतेय."

"हिचा गुडघा गेला. सांगणार नाय कुणाला, मरेल पण जिना चढेल."

"हा सासऱ्याकडे पैसे मागायला चाललाय."

"आपा, हे कसं कळलं?" मी विचारलं.

"नाय कळलं. मस्करी केली."

एकदा गल्लीच्या तोंडाशी एक माणूस असा काही वाकडा येत होता की आपांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि धावल्या. "मणका सरकलाय त्याचा, धर त्याला, धर!" दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरला. माणूस घाबरून पांढराफटक. चपलेचा अंगठा तुटला होता त्याचा, बस. मोच्याकडे चालला होता. आपा तिथंच रस्त्यात इतक्या हसल्या की तो माणूसही हसायला लागला आणि मग आमच्याकडे चहा पिऊनच गेला.

चेहरे त्यांच्या लक्षात राहात नसत. चाल राहायची. एकदा कामतघरच्या नाक्यावर एक गृहस्थ रिक्षात बसल्या-बसल्या हात हलवत होते, "अस्सलाम वालेकुम, भाभी!" आपांनी ओळख न देता मला विचारलं, "कोण गो हा, उगाच सलगी करतोय?" ते गृहस्थ रिक्षातून उतरून दोन पावलं चालले मात्र, आपा ओरडल्या, "अरे, हा तर माझा दीर!"

आणि आपांना लग्नाला बोलावणं म्हणजे हिंमतीचं काम. आमच्या रुखसारच्या मामेभावाचं लग्न होतं. रुखसार म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी, मला थोडी सीनियर, तीही आपांच्याच हाताखाली शिकलेली. नवरदेव शेरवानी घालून स्टेजकडे निघाला. सगळा हॉल शेरवानी बघतोय आणि आपा माझ्या कानाशी पुटपुटतायत, "डावा गुडघा." मी म्हटलं, आपा, आज नको. पण ऐकतील तर ना. पाकीट द्यायला वर गेल्या, नवरदेवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोटोग्राफरसमोर म्हणाल्या, "मुबारक हो बेटा. डावा गुडघा दाखवायला ये." नवरीचे वडील एकदम सावध झाले. रुखसारला तोंड लपवायला जागा नव्हती. पण गुडघा खरंच दुखत होता हो त्याचा, आणि तो आला दाखवायला, नवरीला घेऊन.

असल्या या बाईच्या क्लिनिकमध्ये एक शिस्त मात्र फार कडक होती, ती म्हणजे शुक्रवारची परीक्षा. शुक्रवारी लूमना सुट्टी, पेशंटही नसायचे. गल्लीत शांतता. दुपारचं जेवण झालं की आपा मोबाईल टीव्हीला जोडायच्या आणि पेशंटच्या चालण्याचे व्हिडिओ लावायच्या, कमरेखालचे, डोकं कापलेले. आम्ही लांब-लांब बसायचं, एकमेकींकडे बघायचं नाही, हूं की चूं करायचं नाही आणि चिठ्ठीवर लिहायचं: बरोबर, थोडी चूक, किंवा चूक. मग चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून बघायचं कुणाचं कुणाशी जुळतं. यातली खरी मेख पुढे होती. काही आठवड्यांनी तोच व्हिडिओ त्या गुपचूप परत लावायच्या. मागे ‘बरोबर’ लिहिलेल्या माणसाला आज ‘चूक’ लिहिलंत, तर दुसऱ्यांशी सोडा, तुमचं स्वतःशीच पटत नाही असं सिद्ध व्हायचं. शिक्षा एकच, सगळ्यांचा चहा त्या बाईने करायचा.

पहिलं वर्षभर चहा मीच केला. एकच बाई मला सकाळी लंगडी दिसायची, संध्याकाळी ठणठणीत. जेवण जड झालं तर सगळेच लंगडे दिसायचे. रडकुंडीला यायचे मी. आपा पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "नवीन डोळा असाच असतो. हलतो. बघून-बघून बसेल जागेवर." आणि बसला, खोटं कशाला बोलू. हळूहळू माझं माझ्याशी पटायला लागलं, मग रुखसारशी, मग आपांशी. शेवटी शेवटी तर आमच्या तिघींच्या चिठ्ठ्या जणू एकीनेच लिहिलेल्या. कल्याणचे हाडांचे एक डॉक्टर पेशंट पाठवायचे, ते एकदा स्वतः हा खेळ बघायला आले आणि म्हणाले, असं एकमत मोठ्या हॉस्पिटलात दिसत नाही. त्या दिवशी आपांनी सगळ्या गल्लीला मावा जिलेबी वाटली.

हे एकमत आलं कुठून, तेही सांगते. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी आपा कोट काढायच्या, चप्पल काढायच्या आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून दाखवायच्या. "बघ नीट. ही बरोबर चाल. ही डोक्यात भरून ठेव. बाकी सगळं हिच्यावरून मोजायचं." मी भरून ठेवली होती. रुखसारनेही ठेवली होती. डोळे मिटले तरी आपांची चाल आम्हाला दिसायची.

मग अश्विनी आली. कोल्हापूरकडची, शिकून नुकतीच बाहेर पडलेली, नवऱ्याची नोकरी जवळच्या पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये म्हणून भिवंडीत आलेली. नेमकी ती आली त्या दिवशी आपांना ताप होता, त्यामुळे तो चालून दाखवायचा सोहळा राहून गेला. नंतर कुणाच्या लक्षात आलं नाही.

अश्विनीचा चहा फार छान व्हायचा. व्हायलाच हवा, दर शुक्रवारी तीच करायची. माझ्यापेक्षाही वाईट अवस्था. आज बरोबर, उद्या चूक, परवा "मला वाटतंय थोडी चूक हाय ओ, पण नसंल पण." आम्ही पोट धरून हसायचो. तीही हसायची बिचारी. आपांचा तिच्यावर जीव होता, पण तिच्या चिठ्ठीकडे त्या बघायच्याही नाहीत. सरळ बाजूला ठेवायच्या.

त्याच सुमाराला वैशालीचं प्रकरण उभं राहिलं.

वैशाली पूर्ण्याकडच्या गावातली. बाप गोडाऊनवर वॉचमन. पोरगी पोलीस भरतीच्या मागे लागलेली, पहाटे गोडाऊनच्या रस्त्यावर कंटेनर चुकवत पळायची. एक दिवस स्कूटरवरून जाताना खड्ड्यात पडली आणि डाव्या खुब्याला मार बसला. आमच्याकडे आली तेव्हा कुबडी होती. आपांनी तिला कुबडीवरून काठीवर आणली, काठीवरून पायावर आणली. आणि नेमकी तेव्हाच भरती निघाली. पुढची कधी निघेल देव जाणे, निघायला वर्षंच्या वर्षं लागतात. मैदानावर पळायची परीक्षा अजून काही आठवडे लांब होती. पण आजच जोरात सराव सुरू केला नाही तर काही खरं नाही. आणि खुबा कच्चा असताना जोरात पळाली तर परत कुबडी.

बाप तिला घेऊन आला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "आपा, तुमी हो बोला तं पलंल. तुमी न्हाय बोला तं न्हाय पलनार. तिच्या आयशीला मी तसं वचन दिलंय."

"माझा पाय बरा हाय, आपा," वैशाली म्हणाली. "कायपन न्हाय दुखत. तुमी फक्त हो बोला."

"लाईट जाऊ दे," आपा म्हणाल्या.

लाईट गेली दुपारी. दोन्हीकडचे लूम थांबले. वैशाली चालली, गेली, वळली, आली. आम्ही चौघींनी चिठ्ठ्या लिहिल्या. आपांची: बरोबर. रुखसारची: बरोबर. माझी: बरोबर. आणि ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून, अश्विनीची: चूक.

वैशालीचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई गं, आजचा दिवस तरी गप्प बस. पोरीचं आयुष्य आहे, तुझा शुक्रवारचा चहा नाही.

"काय दिसलं तुला?" आपांनी विचारलं. आवाज गोड होता. तो आवाज गोड झाला की आम्ही दोघी आपोआप मागे सरकायचो.

"डाव्या पायावर भार आला की उजवीकडची कंबर पडतीय ओ," अश्विनी म्हणाली.

"मला नाय दिसली."

"मला नाही दिसली," रुखसार.

"मला पण नाही," मी.

"बेटा, तिघींना नाय दिसत ते तुला दिसतंय. तुला, जिचं स्वतःशी पटत नाय."

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते खरं हाय. बाकीच्या वेळी मला कळत न्हाई. पण आज कळतंय. ही पळली तर पडंल, आपा."

झालं. आपांनी कोट काढला, चप्पल काढली. "तुला कुणी बरोबर चाल दाखवलीच नाय गो. माझी चूक. बस इथं. बघ." आणि त्या निघाल्या. काय रुबाब होता! मान ताठ, हात सैल. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. मला तर भरून आलं. पहिला दिवस आठवला.

"दिसली?" आपा म्हणाल्या. "ही बरोबर चाल."

अश्विनी खाली बघत होती. पदर, नाही, पदर कुठला, ओढणी पिळत होती.

"बोल ना."

"मॅडम…" ती घाबरली की आपांना मॅडम म्हणायची. "तुमची पण पडतीय."

बाहेर शेजारचा कारागीर "लाईट कब आयेगी" म्हणून कुणाला तरी विचारत होता, ते स्वच्छ ऐकू आलं. रुखसारने माझा दंड धरला. मी मनात म्हटलं, गेली ही पोरगी कोल्हापूरला.

आपा वळल्या. भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर जाऊन डाव्या पायावर उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. मग मला हाक मारली. "इकडे ये. काय दिसतं?"

मी जीव ओतून बघितलं. शपथेवर सांगते, मला बरोबर दिसलं. अगदी सरळ.

"रुखसार?"

"सरळ आहे, आपा."

"अश्विनी?"

"वाकडी हाय ओ."

मग अश्विनीच म्हणाली, टिकल्या आहेत का कुणाकडे? माझ्या पर्समध्ये पाकीट होतं. तिने आपांच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर, कमिजावर, एक-एक टिकली लावली. शेजारच्या शेडमधून सुताचा कोन मागून आणला आणि आरशावर एक धागा आडवा ताणून चिकटवला, आधी मोजून, सरळ. आपा दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही टिकल्या बरोब्बर धाग्यावर. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि उजवीकडची टिकली धाग्याच्या खाली गेली. चांगली गेली. आंधळ्यालाही दिसेल अशी गेली. आणि तरीही, टिकलीवरून नजर काढून आपांकडे बघितलं की मला सगळं ठीक दिसायचं! मी दोनदा डोळे चोळले.

"या अल्ला," आपा हळूच म्हणाल्या. मग पाय खाली टेकला, परत उचलला. टिकली परत खाली. "या अल्ला! म्हणजे मी तुम्हाला…" आणि त्या खाली बसल्या, शेडच्या जमिनीवर, फतकल मारून. मला वाटलं, चक्कर आली. धावले. बघते तर बाई हसतायत! आवाज फुटत नाही, डोळ्यांतून पाणी, हाताने जमीन बडवतायत. "एकमत! कल्याणचा डॉक्टर आला होता एकमत बघायला! मावा जिलेबी वाटली मी! अगो, एकाच कुकरचा भात, एकमत नाय होणार तर काय होणार!"

रुखसार हसायला लागली, मी लागले, वैशालीसुद्धा काही न कळता हसायला लागली. एकटी अश्विनी रडत होती. आपांनी तिला ओढून शेजारी बसवलं. "तू कशाला रडतेस? तुझा डोळा अजून कच्चा आहे. पण माझा उष्टा नाय, हे बरं झालं."

"पण आपा, तुमचं असं कशानं झालं असंल?" तिने नाक पुसत विचारलं. "पडला होता का कधी?"

"कधीच नाय."

"मग दिवसभर उभं कसं राहता तुम्ही?"

"कसं म्हणजे? लोक राहतात तसं." आणि आपा उठून दाराशी गेल्या, दाखवायला. सवयीने कंबर गेली चौकटीकडे, भार आला डाव्या पायावर, उजवा पाय पुढे. चहाच्या ग्लासासाठी हातसुद्धा वर आला. मग स्वतःच खाली, स्वतःच्या पायाकडे बघितलं. जगाची चाल बघता-बघता बाईने स्वतःचा खुबा ढिला करून घेतला होता!

या सगळ्या हसण्यात वैशाली मात्र पुढे आली. "मंग आपा," ती म्हणाली, "मी पलू का न्हाय?"

आपांचं हसणं थांबलं. त्यांनी तिच्याही कमरेला टिकल्या लावल्या आणि तिला एका पायावर उभं केलं. तीच गत. तीच टिकली, तिथंच खाली. अश्विनीचं बोलणं सोळा आणे खरं. बाप दारात उभा होता. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली.

"आज ‘नाय’च बोलते," आपा म्हणाल्या. पोरीचे डोळे भरले. "रडायचं नाय. आज नाय म्हटलं, मैदानाच्या दिवशी नाय असं नाय म्हटलं. हातात आठवडे आहेत. उद्यापासून सकाळी ये. तुझा खुबा आणि माझा खुबा, दोघींचा एकदम सरळ करायचा. बघू कोण जिंकतं."

पुढचे दिवस काय सांगू! शेडमध्ये चटईवर एका कुशीवर झोपून पाय वर-खाली करणाऱ्या दोन बाया, एक विशीची, एक साठीची. शेजारी चटईवर अश्विनी, हातात टिकल्यांचं पाकीट. आपा चीटिंग करायच्या. पाय अर्धाच उचलायच्या आणि आकडे मात्र मोठ्याने म्हणायच्या. वैशाली ओरडायची, "आपा, ह्यो धरला न्हाय!" आपा म्हणायच्या, "मोठ्यांशी असं बोलतात?" मग परत करायच्या, कण्हत, अल्लाचं नाव घेत. बाप ड्युटी संपवून यायचा आणि लाजून भिंतीकडे तोंड करून बसायचा. आणि दारात टेकून उभं राहायला आपांना बंदी. अश्विनीने चौकटीला उशी बांधली होती, टेकलं की घसरावं म्हणून. आपा तरी टेकायच्या, घसरायच्या आणि आतून आम्ही चौघी एकदम ओरडायचो.

शुक्रवारच्या परीक्षेचा कायदाही बदलला. आपल्याकडे न शिकलेली एक तरी बाई बसलीच पाहिजे, असा हुकूम निघाला. कधी कल्याणहून कुणी येई, कधी ठाण्याहून. चिठ्ठ्या आता पूर्वीसारख्या जुळायच्या नाहीत, भांडणं व्हायची, आणि आपा खूश. पण मग अनुभव काय कामाचा, असं कुणी म्हटलं की चिडायच्या. अश्विनीला सोडलं नाही त्यांनी. तिचा डोळा हलायचा तो हलायचाच, आणि तिचा चहा चालूच होता. "तुझं तुझ्याशी जुळेल तेव्हा खरी," त्या तिला म्हणायच्या. "पण माझ्यासारखी नको जुळवूस गो, बाबा." हळूहळू तिचंही जुळायला लागलं. वेगळ्या सुरात, पण जुळायला लागलं.

मैदानाच्या आदल्या आठवड्यात वैशालीची शेवटची तपासणी झाली. टिकल्या धाग्यावर, जागच्या हलेनात. पण आपा काही बोलेनात. एकदा चालवलं, परत चालवलं, लाईट आल्यावर चालवलं, लाईट गेल्यावर चालवलं. शेवटी बाप म्हणाला, "आपा, काय तं बोला. जीव जातोय."

"मी काय बोलू?" आपा म्हणाल्या. "ही सांगेल." आणि अश्विनीकडे बोट.

अश्विनी म्हणाली, "पळू दे."

मैदान ठाण्याला होतं. आत फक्त उमेदवार. आम्ही सगळे कंपाउंडच्या जाळीबाहेर. रुखसारने दुपट्टा जाळीला अडकवून सावली केली होती. बाप लांब झाडाखाली पाठ करून बसलेला, त्याच्याने बघवेना. आपा म्हणाल्या होत्या की जाळीला नाक लावून बघणार, सकाळी चष्मासुद्धा पुसून घेतला होता. आणि शिट्टी झाली, पोरी सुटल्या, तशा आपा गर्रकन वळल्या, जाळीला पाठ लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आपा, बघा ना! सुटली!"

"मी नाय बघत. अश्विनी, तू बघ. मला सांग."

"मी सांगते," मी म्हटलं.

"तू नको. माझ्या डोळ्याला ती सरळच दिसणार. पोरगी माझी आहे, मला ती लंगडत गेली तरी सरळ दिसेल. तुझा डोळापण माझाच. हिला बोलू दे."

अश्विनी जाळीत बोटं अडकवून उभी. "चांगली चाललीय. मधल्या घोळक्यात हाय."

"कंबर?"

"सरळ."

"नीट बघ गो. वळणावर बघ. डावा पाय आतल्या बाजूला येतो वळणावर, तिथं पडेल पडली तर."

"वळणावर हाय आता… हलंना. कंबर हलंना, आपा! पुढे निघाली! दोघींना मागं टाकलं!"

"चेहऱ्याकडे नको बघूस. कमरेकडे बघ!"

"कमरेकडंच बघतीय ओ! तुम्हीच बघा की मग!"

"नाय!"

शेवटचा फेरा. वैशाली पुढच्या चौघींत. मी जाळी धरून उड्या मारत होते, रुखसार काहीतरी पुटपुटत होती, आपा पाठ करून, डोळे मिटून, मुठी आवळून उभ्या. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, ते मात्र मी बघून घेतलं. पोरगी शेवटच्या सरळ पट्ट्यात आली आणि अशी काही सुटली म्हणता! एक मागे पडली, दुसरी मागे पडली. रेघ ओलांडली तेव्हा तिच्यापुढे फक्त एक जण होती. दुसरी आली आमची वैशाली, आणि रेघेच्या पलीकडेही पळतच राहिली, कुणीतरी हात धरून थांबवलं तेव्हा थांबली.

अश्विनीला रडू फुटलं. नुसती मान हलवत होती, हो, हो, हो, आपांकडे बघत. आणि आपांचे डोळे तर मिटलेले.

"काय झालं? बोल! अगो, बोल ना काहीतरी!"

अश्विनी आणखी जोरजोरात मान हलवते. आपांच्या चेहऱ्यावरचा रंग उडायला लागला. मला राहवेना. मी ओरडले, "पोचली, आपा! दुसरी आली! सरळच्या सरळ पळाली!"

"तुला नाय विचारलं!" आपा माझ्यावर खेकसल्या आणि डोळे तसेच मिटून, हात पुढे करून, चाचपडत अश्विनीचा खांदा शोधायला लागल्या.